मुखडा चुकला की मैफल हुकली: छोट्या जागेत जॅझ ऐकायला जाताना

आपल्याकडं आठचा कार्यक्रम म्हणजे साडेआठ. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, प्रास्ताविक यांत अर्धा तास जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळं घाई कुणालाच नसते. छोट्या जागेतल्या जॅझला हा हिशेब लावला की फसगत ठरलेली. चार वादक येतात, एक जण चुटकीनं लय देतो, आणि ज्या सुरावटीवर पुढची दहा मिनिटं उभी राहणार ती, म्हणजे मुखडा, पहिल्या मिनिटातच वाजून संपते.

मी स्वतः तसाच फसलो होतो. सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला एका गच्चीवर पन्नासेक खुर्च्या, पुण्याहून हैदराबादला निघालेले चौघे वादक एका रात्रीसाठी थांबलेले. मी पोचलो तेव्हा मुखडा संपत होता. पुढं बराच वेळ नुसती करामत चाललीय असं वाटत राहिलं. मग सगळे थांबले, एकटा बासवाला (बास म्हणजे माणसाएवढं, खालच्या सुरांचं तारवाद्य) हळूहळू काहीतरी वाजवत राहिला, आणि मी शेजारच्या काकांना विचारलं, "आता गाणं कधी सुरू होणार?" माझ्या मते कुजबुजत. जागा छोटी, बास मंद. प्रश्न थेट बासवाल्यापर्यंत गेला. तो हसला, पण काकांनी पुढचा तासभर माझ्याकडं पाहिलं नाही.

नंतर ज्यांना ज्यांना बरोबर नेलं ते याच दोन-तीन जागी अडखळले. सोलापुरात अशी संधी रोज येत नाही, एक हुकली की पुढची कधी ते सांगता येत नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. क्रम बदलू नका, विशेषतः पहिल्या दोन पायऱ्या गाळू नका.

१. आठवडाभर आधी: एकच रेकॉर्ड, तीही इअरफोनवर

बहुतेक जण तीस-चाळीस तुकड्यांची यादी मोबाइलवर लावतात आणि स्वयंपाक करता करता ऐकतात. त्यातून काही हाती लागत नाही. एकच तुकडा घ्या आणि आठवडाभर तोच घोटा.

माझ्या मते सुरुवातीला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डमधला पहिला तुकडा, 'सो व्हॉट', घ्यावा. तो श्रेष्ठ आहे की नाही हा वाद इथं नको. त्याचा सांगाडा उघडा दिसतो, एवढंच कारण पुरेसं आहे. लांबी नऊ मिनिटांच्या थोडी वर. सुरुवातीचा अर्धा मिनिट पियानो आणि बास ठेक्याशिवाय चाचपडत असतात. तो मुखडा नव्हे, नुसती आलापी समजा. मग लय धरली जाते. बास एक प्रश्न विचारतो, बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात. पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. भजनात बुवांची ओळ संपली की मागचे उचलतात, तसं. हा मुखडा.

आता नेमकी ऐकायची जागा. हे प्रश्नोत्तर काही वेळ चालल्यावर अख्खा मामला अर्ध्या स्वरानं वर चढतो, पेटीवर लगतच्या पट्टीवर गेल्यासारखा. थोडा वेळ तिथं थांबतो आणि खाली परततो. हा चढ-उतार कळला की तुकड्याची किल्ली हाती आली, कारण पुढं ट्रम्पेट हाच साचा दोनदा फिरवतो, टेनर सॅक्सोफोन दोनदा, आल्टो सॅक्सोफोन दोनदा आणि पियानो एकदा. सुरावट प्रत्येक वेळी नवी, पण चढण्याची आणि उतरण्याची जागा तीच.

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका. उभ्या बासची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर बोलते, आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तितका खालचा सूर काढूच शकत नाही. बास गेला की मुखडाच गेला. वीस वर्षांपूर्वीचा घरातला टेप चालेल, साधे इअरफोन चालतील.

*तपासा:* ट्रम्पेटचा सोलो (एकट्यानं पुढं येऊन केलेलं, आयत्या वेळी सुचणारं वादन) चालू असताना सूर चढला की बोट वर, उतरला की खाली. दोन्ही फेऱ्यांत न चुकता जमलं तर पुढं चला. नाही जमलं तर उद्या पुन्हा.

२. मोजायला शिका

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. बाकीचं बरंचसं शिष्टाचारात मोडतं, इथं मात्र कान घडतो.

जॅझमध्ये चार मात्रांच्या खंडाला बार म्हणतात. (आमच्या घरी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा वेगळाच गैरसमज झाला होता.) मोजण्याची वादकांची युक्ती अशी: प्रत्येक खंडाच्या पहिल्या मात्रेला खंडाचा नंबर म्हणायचा. एक दोन तीन चार, *दोन* दोन तीन चार, *तीन* दोन तीन चार, *चार* दोन तीन चार. असं म्हणत गेलं की मात्राही सुटत नाहीत आणि कितव्या खंडात आहोत तेही कळतं.

दोन साचे पाठ असले की छोट्या मैफलीतलं बरंच काही कवेत येतं.

पहिला बारा बारचा, म्हणजे ४८ मात्रांचा. याला ब्लूज म्हणतात. चार-चार बारच्या तीन ओळी. बासकडं कान ठेवा. पहिले चार बार तो षड्जाच्या घरात असतो. पाचव्याला मध्यमाकडं जातो, सातव्याला घरी येतो. नवव्याच्या आसपास पंचमाची ओढ लागते आणि शेवटी पुन्हा घर. सा, म, सा, प, सा. तंबोऱ्याचा षड्ज कधी हलत नाही, इथं पायाखालची जमीनच सरकते. शास्त्रीय ऐकणाऱ्याला पहिल्यांदा चक्कर येते ती यामुळंच.

दुसरा बत्तीस बारचा: आठ-आठ बारचे चार भाग. पहिला, तोच पुन्हा, तिसरा वेगळा, चौथा परत पहिल्यासारखा. 'सो व्हॉट' याच साच्यातला आहे, आणि चढतो तो त्यातला तिसरा भाग.

घड्याळाचा अंदाज हवा असेल तर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ब्लूजची एक फेरी २४ सेकंदांत आणि बत्तीस बारची ६४ सेकंदांत पुरी होते. बत्तीस बार म्हणजे १२८ मात्रा, तीनतालाची आठ आवर्तनं. एवढं लांब आवर्तन धरून ठेवायची आपल्या कानाला सवय नसते. ती आठवड्यात लागते.

शास्त्रीय संगीताची बैठक असलेल्यांनी दोन गोष्टी घरीच ठेवून याव्यात. एक, समेची वाट बघणं. इथला वादक तिहाई घेऊन समेवर येईलच असं नाही. कित्येकदा तो वाक्य मुद्दाम फेरीच्या सीमेपलीकडं नेऊन सोडतो. 'चुकला वाटतं' असं मनात आलं तर बास ऐका, तो जागेवरच असतो. दुसरी, लय चढण्याची वाट बघणं. सुरुवातीला धरलेली लय साधारण शेवटपर्यंत तशीच राहते. द्रुत नंतर येत नाही.

आता टाळी. आपला हात आपोआप पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. इथं वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतं. ड्रमवाल्याच्या डाव्या पायाखाली दोन झांजांची एक जोडी असते, ती 'चिक' करून मिटते ती बरोबर दोनवर आणि चारवर. माझा एक मित्र पूर्व भागातला, घरातच माग, खटाखटीत वाढलेला. मला हे कळायला चार दिवस लागले. त्यानं अर्ध्या मिनिटात बोट हलवायला सुरुवात केली. "धोटा जातोय, येतोय. येताना वाजतंय. तेच की बे!"

*सावध:* सगळेच तुकडे चारात नसतात. तीनात असतात, पाचातही असतात. पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चौघांनी १९५९ साली रेकॉर्ड केलेला 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचा आहे. झपताल माहीत असलेल्याला पाच परका नाही, फक्त तिथली फोड दोन-तीन आणि इथली तीन-दोन. मोजणी जमेना तर आधी तीन आणि पाच करून बघा, मग स्वतःला दोष द्या.

३. त्या दिवशी, घरातून निघण्याआधी

जेवून निघा. कॅफेत खायला मिळतं, पण तुमच्या ताटलीतला चमचा आणि काठीऐवजी तारांच्या ब्रशनं वाजणारे ड्रम यांचा आवाज जवळपास सारखाच असतो. खिशात भाजलेल्या शेंगा नेऊ नका. हसू नका, मी माणसं पाहिलीत.

आयोजकाला दोन प्रश्न विचारून घ्या: आठ म्हणजे नक्की आठ ना, आणि खुर्च्या नंबरच्या की आधी येईल त्याच्या. जमलं तर तिसराही विचारा, लाइट गेली तर जनरेटर कुठं लावलाय. गच्चीच्या खालीच असेल तर त्या कठड्यापासून लांब बसायचं हे आत्ताच ठरलं.

गणपतीचे दिवस असतील तर मिरवणुकीचा रस्ता बघा. डॉल्बी दोन गल्ल्या पलीकडं असला तरी उभा बास संपला. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरलेली असेल तर सिद्धेश्वर मंदिराकडून जायच्या भानगडीत पडू नका, लांबचा रस्ता धरा. अर्धा तास आधी पोचा. हा अर्धा तास वाया जात नाही, कारण पुढची पायरी त्यातच करायची आहे.

मोबाइल बंद. व्हायब्रेटवर नव्हे, बंद. लाकडी टेबलावर तो थरथरला की ड्रमच्या बरोबरीनं ऐकू येतो.

पुण्याला जाऊन ऐकणार असाल तर परतीचं आधी ठरवा. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याहून संध्याकाळी, म्हणजे नेमकी कार्यक्रमाच्या तोंडावर, सुटते. ती परतीला धरली की शेवट बघायला मिळत नाही. मुक्काम करा, नाहीतर रात्रीची दुसरी गाडी बघा.

४. खुर्ची निवडणं

मोठ्या नाट्यगृहात पहिली रांग मानाची. पन्नास खुर्च्यांच्या खोलीत ती बहुधा सगळ्यात वाईट. ड्रमला माइक नसला तरी तो पुढच्या दोन रांगांना झोडपतो, आणि ट्रम्पेटचा आवाज त्याच्या तोंडासमोर सरळ रेषेत येतो. सॅक्सोफोनचं तसं नाही. त्याचा आवाज नळीवरच्या भोकांतूनही बाहेर पडतो, त्यामुळं तो खोलीभर पसरतो.

तिसरी-चौथी रांग, मधोमध किंवा किंचित बासच्या बाजूला. सगळे वादक एकमेकांकडं बघताना दिसतील अशी जागा हवी, कारण अर्धी मैफल त्यांच्या नजरानजरेत असते. कोपरा टाळा. खालचे सूर कोपऱ्यात साठतात, बास नुसता घुमतो आणि स्वर कळत नाही. स्वयंपाकघराचं दार, मिक्सर, वरचा कुरकुरणारा पंखा यांपासून लांब.

*तपासा:* वादक सूर जुळवत असताना निवडलेल्या खुर्चीवर बसून बघा. बासचा एकेक स्वर सुटा ऐकू येतो का? येत नसेल तर उठा, दुसरी धरा. हे करायलाच तर अर्धा तास आधी आलात.

*सावध:* कानाचा हिशेब साधा आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. ड्रमच्या अगदी पुढ्यात बसावंच लागलं तर मेडिकलमधून फोमची बोळी घेऊन जा. लहान मुलांना तिथं बसवू नका.

५. पहिलं मिनिट

बोलणं बंद, मान वर. लय दिली गेली की लगेच मोजायला लागा. मुखडा बहुतेक वेळा सगळे मिळून वाजवतात आणि सुरावट सरळ असते, गुणगुणता येण्यासारखी. ब्लूज असेल तर ती सहसा दोनदा येते.

या मिनिटात तीनच गोष्टी पकडा: किती मात्रांची चाल, बारा बार की बत्तीस, आणि मुखड्यातला एखादा तुकडा जो मनात घोळवता येईल. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. पुढं सोलो चालू असताना तो तुकडा मनातल्या मनात खालून चालू ठेवायचा. वादक वरून काहीही करो, तुमच्याकडं मूळ चाल शाबूत असली की तो कुठं तिच्या जवळ येतोय, कुठं तिला हूल देतोय, ते दिसायला लागतं.

मुखडा हुकलाच तर गडबडू नका. तो तुकडा सोडून द्या, नुसता बास ऐका आणि पुढच्याला तयार राहा. शेवटी मुखडा परत येतो, तेव्हा अंदाज तपासता येतो.

६. सोलो चालू असताना

एकामागून एक वादक फेऱ्या घेतात. एकाच माणसाकडं बघत बसू नका. पहिल्या फेरीत सोलोवाला, दुसऱ्या फेरीत त्याच्या मागं पियानो काय टाकतोय ते, तिसऱ्यात ड्रम. अशी नजर आणि कान फिरवत ठेवले की 'सगळं सारखंच वाटतंय' ही तक्रार राहत नाही.

दोन जागी हमखास घोळ होतो.

बासचा सोलो. ड्रम एकदम खाली येतात, पियानो जवळपास गप्प होतो, आवाज पडतो. खोलीला वाटतं मध्यंतर झालं. खुर्च्या सरकतात, चहाची ऑर्डर जाते, कुणी "काय बे, कसं काय" करत उठतो. प्रत्यक्षात या वेळी सगळ्यात जास्त शांतता लागते, कारण वाद्यच मंद आहे. मोजणी चालू ठेवा, फेऱ्या तशाच चालू आहेत. (जागा तुमची असेल तर पोऱ्याला आधीच सांगून ठेवा: बासवाला एकटा वाजवत असताना कप गोळा करायचे नाहीत.)

ड्रमचा सोलो. तबल्याच्या सोलोत पेटीवर लेहरा, म्हणजे तीच धून पुन्हा पुन्हा, चालू असतो, त्यामुळं आपण कुठं आहोत ते कळतं. इथं बऱ्याचदा सगळेच थांबतात. लेहरा नाही. पण ड्रमवाला, आणि गप्प उभे असलेले बाकीचेही, मुखडा मनात म्हणत असतात. लेहरा तुम्हीच चालवायचा. पाचव्या पायरीत जपलेला तुकडा इथं उपयोगी पडतो. बाकीचे वादक अचूक एकत्र आत आले आणि तुम्हीही मनात त्याच मात्रेवर होतात, तर त्या क्षणी अंगावर काटा येतो. मला तो दोन वर्षांत तीनदाच आला.

कधी एखादा वादक चार बोटं वर करतो. याचा अर्थ आता चार-चार बारचे सवाल-जवाब: चार बार सॅक्सोफोन, चार बार ड्रम, पुन्हा सॅक्सोफोन. मोजणी इथं सगळ्यात सोपी असते, हरवलेल्यांनी इथं परत गाडी पकडावी. आणि कुणी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला तर त्याचं डोकं दुखत नाहीये, मुखड्यावर परत चला अशी खूण आहे.

७. दाद कधी द्यायची

सोलो संपला की टाळ्या, वाजवणं चालू असतानाच. पुढचा वादक सुरू झाला की थांबवा, त्याचं पहिलं वाक्य बुडवू नका. तुकडा पूर्ण संपेपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही. पण प्रत्येक सोलोला टाळी दिलीच पाहिजे असंही नाही. भिडलं नाही तर नका देऊ.

मध्येच एखादी जागा लागली तर 'वा' चालते. आपली 'क्या बात है' वादकाला शब्द कळला नाही तरी पोचते. शिट्टी नको, पन्नास खुर्च्यांत ती कानात घुसते. ठेक्यावर सगळ्यांनी टाळ्या धरणं तर अजिबात नको. दोन-चारवर धरल्या तरी गर्दी हळूहळू पळायला लागते आणि ड्रमवाल्याला वादन सोडून तुम्हाला आवरावं लागतं. पायाचा अंगठा हलवा, बुटाच्या आत.

व्हिडिओचं: काढायचाच तर आयोजकाला विचारून, एका तुकड्याचा अर्धा मिनिट, स्क्रीनचा उजेड कमी करून. मागच्या माणसाला तुमच्या मोबाइलमधून मैफल बघायची नसते.

८. मध्यंतर

सहसा पाऊण ते एक तासाचे दोन भाग असतात. मध्यंतरात वादक चहा घ्यायला बाहेर येतात, छोट्या जागेत त्यांना वेगळी खोली नसतेच. बोला जरूर. पण फर्माईश करू नका, निदान हिंदी सिनेमाच्या गाण्याची तरी नाही. "दुसरा तुकडा बत्तीस बारचा होता का?" एवढं विचारून बघा. आमच्या त्या मित्रानं विचारलं, तर ड्रमवाल्यानं टेबलावर दोन चमच्यांनी त्याला अख्खी फेरी वाजवून दाखवली आणि मागाविषयी उलट चार प्रश्न विचारले. चहा गार झाला.

वाजवलेल्या तुकड्यांची नावं याच वेळी लिहून घ्या, रात्री आठवत नाहीत. खुर्ची बदलायची असेल तर आत्ताच.

९. संपल्यावर

शेवटच्या सुरावर लगेच टाळी टाकू नका. झांजेचा आवाज बराच वेळ विरत असतो, ड्रमवाल्यानं हातानं तो थांबवला किंवा काठ्या खाली ठेवल्या की मग.

दुसऱ्या दिवशी लिहून आणलेल्या नावांतला एकच तुकडा शोधा आणि ऐका. रेकॉर्डवरचा मुखडा ओळखीचा आणि सोलो पूर्ण वेगळे निघतील. दोन्हींत काय कायम राहिलं ते मोजत बघा. पुढच्या वेळची पहिली पायरी तिथंच अर्धी झाली.

निघताना जिन्यात बासवाला भेटेल, माणसाएवढं वाद्य पाठीवर घेऊन एका हातानं दार ढकलताना. दार धरा. वाद्य उचलायला हात द्यायचा असेल तर आधी विचारा, आणि मानेकडून धरू नका. खालून, तो सांगेल तिथं.